तुम्ही पोफळीला होतात ना!

…नाही, पण मला एक सांगा, माणूस पोफळीला, वीजघरात नोकरीला होता म्हणजे त्याच्या अंगातून वीज वाहते असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? वेदांत आहे? पुराणांत आहे? नोकरीच्या नियमावलीत तर नाहीच, कारण ती मला पाठ आहे! पस्तीस वर्षं होतो मी पोफळीला, मान्य. अलोऱ्याच्या वसाहतीत दोन खोल्या, सकाळी भरलेला डबा घेऊन जायचं, संध्याकाळी रिकामा घेऊन यायचं. पण होतो कुठे? आस्थापना शाखेत! आस्थापना शाखा म्हणजे काय, तर रजेचे अर्ज. किरकोळ रजा, अर्जित रजा, आजारपणाची रजा, आणि गणपतीच्या आधी आठ दिवस अख्ख्या पोफळीतल्या आज्या एकदम अत्यवस्थ व्हायच्या ती रजा. डोंगराच्या पोटात पाणी कोसळतं, तिथे ती अजस्र चाकं फिरतात, वीज होते आणि महाराष्ट्रभर जाते, हे मलाही तुमच्यासारखंच पेपरात वाचून कळलं! ती चाकं मी पस्तीस वर्षांत दोनदा पाहिली. एकदा मंत्री येणार म्हणून आम्हाला रांगेत उभं केलं तेव्हा, आणि एकदा मंत्री येणार नाहीत असं कळल्यावर रांग मोडली तेव्हा.

पण सांगून उपयोग? रत्नागिरीत कुणाचा पंखा हळू फिरला, की बोलाव मला. कुणाच्या भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, की बोलाव मला. शेजारच्या दर्शनावहिनी तर रोज सकाळी कुंपणावरून, ‘काकाऽऽ, ओ काका, आमचा फ्रिज रात्री घुर्र घुर्र करतो, मधेच उसासा टाकतो… तुम्ही पोफळीला होतात ना!’ अहो वहिनी, उसासा टाकतो तर त्याचं दुःख विचारा, माझं काय काम? तुम्हाला सांगतो, मध्यंतरी एका मयताला गेलो होतो. चिता पेटलीय, सगळे मान खाली घालून उभे, आणि मागून एक गृहस्थ माझ्या कानाशी, अगदी हलक्या आवाजात, ‘आमचा मीटर फार पळतो हो… तुम्ही पोफळीला होतात ना?’ शिसारी आली! म्हटलं, समोर माणूस कायमचा थांबलाय आणि याला मीटर पळतो त्याची काळजी!

तर हे असं. आणि आता मूळ गोष्ट ऐका.

माझी मोठी बहीण यमुताई. ती जाऊन अडतीस वर्षं झाली. तिचे यजमान गंगाराम भावोजी, जहाजावर होते, सगळी दुनिया फिरलेला माणूस, आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत आणि पेठकिल्ल्यातल्या घराच्या ओटीवर बसून समुद्राकडे अशा नजरेने बघतात की जणू समुद्र त्यांच्या हाताखाली कामाला होता. त्यांची एकुलती एक मुलगी अक्षया. यमुताई गेली तेव्हा ही दोन वर्षांची. आता चाळिशीची झाली, नवरा आहे, संसार आहे, शाळेत मास्तरीण आहे. हिचा मला फोन. ‘सदूमामा, बाबांच्या जहाजाच्या पेटीत एक टेप सापडलाय. मोठा, दोन चाकांचा, जपानी. त्यात आईचा आवाज आहे म्हणतात बाबा.’

म्हटलं, बरं.

‘मामा, मला आईचा चेहरा फोटोतून तरी ठाऊक आहे. आवाज ठाऊकच नाही. एकदा ऐकायचाय.’

म्हटलं, मग लाव की! तर म्हणते, ‘बाबा लावू देत नाहीत. म्हणतात सदानंदला बोलाव, तो पोफळीला होता ना!’

घ्या! म्हणजे शत्रू घरातूनच!

गेलो. टेबलावर ते यंत्र. अहो, यंत्र कसलं, तान्ह्या रेडकाएवढं ओझं! वर दोन चकत्या, एकीवर तपकिरी फीत गुंडाळलेली, खाली पितळी बटणं, आणि मागे वायर. वायरीला आपल्यासारखी गोल पिन नाही, दोन चपट्या पट्ट्या, जिभेसारख्या. आणि त्या टेबलाशी, बाह्या सरसावून, आमचा भाचीजावई संदेश उभा! संदेश म्हणजे काय चीज आहे सांगतो. त्याला सगळं येतं. जे येत नाही ते तो मोबाईलवर तीन मिनिटं बघतो, मग तेही येतं. त्याच्या हातात बाजारातून आणलेलं एक प्लास्टिकचं ठोकळं. ‘मामा, काही प्रॉब्लेम नाही. जपानी पिन आपल्या बोर्डात बसत नाही, म्हणून हा अडॅप्टर आणलाय. इकडून चपटी पिन घाला, तिकडून गोल निघते. बसली पिन की झालं!’

मी म्हटलं, जावईबापू, पिन बसणं आणि वीज मानवणं यात फरक असेल. जोडा पायात शिरला म्हणजे चावणार नाही असं थोडंच आहे?

‘मामा, करंट तो करंट हो! मी मोबाईलचा चार्जर दुबईत लावला, सिंगापूरला लावला, देवरुखला लावला. कुठे काय झालं?’

आणि निघाला की तो बोर्डाकडे! आता मला विजेतलं काय कळतं? काही नाही. पण कारकुनाला एक सवय असते, कागद दिसला की वाचायचा. खाली सही कुणाची, वर तारीख काय, मागे काही शेरा आहे का… त्या यंत्राच्या पाठीला एक पत्र्याची पट्टी होती. मी चष्मा काढून वाचली. शंभर व्होल्ट! म्हटलं थांब, तुझा चार्जर दाखव. त्याच्यावर मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, भिंगातून वाचली, शंभर ते दोनशेचाळीस! आता सांगा, हे काय अवघड आहे? हल्लीचा चार्जर हा हल्लीच्या माणसासारखा आहे, कुठेही लावा, जुळवून घेतो. शंभर द्या, दोनशेतीस द्या, आतल्या आत काय तडजोड करतो देव जाणे, बाहेर मोबाईलला कळूसुद्धा देत नाही. पण हे जुनं यंत्र! त्याला शंभर म्हणजे शंभर. दोनशेतीस दिले तर ते जुळवून घेणार नाही, जळून जाईल. मला तर ते पाहिल्याबरोबर आदर वाटला.

भावोजी ओटीवरून, अगदी समाधानाने, ‘बघ. म्हटलं नव्हतं? तो पोफळीला होता.’

अहो भावोजी, मी पट्टी वाचली! वाचायला पोफळी लागत नाही, चौथी पास लागते!

मग मी विचारलं, भावोजी, जपानातून हे आणून चाळीस वर्षं झाली, इतकी वर्षं लावलं का नाहीत? तर ते उठले. पेटीच्या झाकणात एक कप्पा होता, त्यातून एक पोस्टकार्ड काढलं, माझ्या हातात दिलं. परत जाऊन समुद्राकडे बघत बसले.

कार्ड माझंच. माझं अक्षर. पोफळीचा शिक्का, नोव्हेंबर एकोणीसशे त्र्याऐंशी. ‘ती. सौ. यमुताईस सा. नमस्कार. टेप घरच्या लाइटवर चालेल किंवा कसे, याबाबत चौकशी करून कळवतो. बाकी क्षेम. सदानंद.’

चौकशी करून कळवतो!

काय झालं होतं ठाऊक आहे? भावोजींचं जहाज मुंबईच्या गोदीत लागलं होतं, ताई जहाज बघायला गेली, तिथे खोलीत त्यांनी तिचा आवाज या टेपवर घेतला. जहाजाच्या विजेवर. जहाजावरचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, घरी नेऊन असाच लावू नको, फुटेल. म्हणून ताईने मला पत्र घातलं, की सद्या, तू तिथे आहेस तर विचारून सांग. आता पोफळीला इंजिनिअरांची कमी होती? दगड मारला तर इंजिनिअरला लागायचा! एकाला विचारलं असतं तर दोन मिनिटांत उत्तर. पण मी विचारलं नाही. का नाही? कारण विचारलं असतं तर त्याला कळलं असतं की मला ठाऊक नाही! नवी नोकरी, गावात दरारा, आणि खरं सांगतो, तेव्हा ते ‘तू पोफळीला आहेस ना’ कानाला गोड लागायचं हो… मग कार्ड टाकलं, विसरलो. पुढे तीन वर्षांनी तापाचं निमित्त झालं आणि ताईच गेली. आणि भावोजींनी काय केलं, तर तिने सांगून ठेवलं होतं, सद्याचं उत्तर आल्याशिवाय लावायचा नाही. नाही लावला! एक्केचाळीस वर्षं! असा प्रामाणिक माणूस खात्यात एक असता तर खातं बंद पडलं असतं.

स्वतःचीच शिसारी आली. पण ती बोलून कुणाला दाखवायची? म्हटलं, चला, बघू काय करायचं ते.

रामआळीत केरू रेडिओवाला आहे. आता रेडिओ कुणी नेत नाही त्याच्याकडे, पण पाटी तीच. माझ्याच वयाचा, दोन दात, एक स्क्रू-ड्रायव्हर. त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘सायेब, सोपा आहे. ट्रान्सफार्मर लावायचा, मोठ्याचा लहान करनारा. पन तुमाला काय सांगायचा, तुमी पोफळीला होतात ना!’

हाही!

म्हटलं केरू, असं समज की मी कुठेच नव्हतो. ट्रान्सफॉर्मर म्हणजे काय ते सांग. तो सांगत बसला, लोखंडाचा ठोकळा, त्यावर तारेची दोन वेटोळी, एकात जास्त वेढे, दुसऱ्यात कमी. जास्त वेढ्यांच्या बाजूने दोनशेतीस शिरले की कमी वेढ्यांच्या बाजूने एकशेदहा बाहेर. दोन्ही वेटोळी एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत! मी म्हटलं, अरे, म्हणजे आमचं ऑफिसच की! मुंबईहून हुकूम निघतो तो दोनशेतीसच्या जोराने, ‘तात्काळ कार्यवाही करावी!’ मधे हेडक्लार्क बसलेला असतो, आणि खाली शिपायापर्यंत येतो तेव्हा, ‘बघा बुवा, जमलं तर.’ निम्मा! कुणी कुणाला शिवत नाही, पण जोर उतरतो. पस्तीस वर्षं मी ट्रान्सफॉर्मरातच बसलो होतो म्हणायचं, फक्त मला कुणी सांगितलं नाही.

म्हटलं, पण यंत्राला हवेत शंभर, हा देतो एकशेदहा, मग? केरू दोन्ही दात दाखवून हसला. ‘सायेब, कागदावर दोनशेतीस. आपल्याकडे येतात दोनशे. तेचे निम्मे शंभरच्या आतच. आपल्याकडचा उनाच असता, म्हनून तर आपलीं मशिनं टिकतात!’ पहा! दारिद्र्याचाही उपयोग असतो.

तो ट्रान्सफॉर्मर रत्नागिरीत मिळेना. लांज्याला एक गृहस्थ आखातातून परत आलेले, त्यांच्या माळ्यावर होता. ते म्हणाले घेऊन जा, परत आणलात तरी चालेल, नाही आणलात तर जास्त चालेल. आठ किलो! लोखंडाचा ठोकळा, पिशवीत घातला तर पिशवीचे बंद तुटले, म्हणून उपरण्यात बांधून एखाद्या बाळासारखा मांडीवर घेऊन एसटीत बसलो. कंडक्टर आला. ‘काय आहे ह्यात?’ मी खरं बोललो, ती चूक. ‘ट्रान्सफॉर्मर.’

‘काय? डीपी?’

झालं! अख्खी एसटी मागे वळली. आपल्याकडे ट्रान्सफॉर्मर म्हटलं की लोकांना खांबावरची ती पेटीच डोळ्यांसमोर येते ना! एक म्हातारी म्हणाली, ‘बाय बाय बाय, खांबावरचा काढून आनला वाटता!’ दुसरा, ‘तरीच आमच्या वाडीत दोन दिवस लाइट नाय!’ मी म्हणतो, अहो, हा लहान असतो, घरगुती असतो… ‘मोठा काय मांडीवर बसनार हाय?’ कंडक्टर डोळे बारीक करून, ‘काका, तुम्ही कोण? बोर्डात होतात काय?’ आणि तेवढ्यात मागच्या सीटवरून कुणीतरी ओळखीचा, अगदी मदतीच्या भावनेने, ‘अहो ह्ये पोफळीला होते!’

म्हणजे चोरीला पुरावा मिळाला! हातखंब्यापर्यंत मला प्रत्येकाने आपापल्या वाडीचं गाऱ्हाणं सांगितलं, आणि त्या ठोकळ्याकडे असं बघत होते की आता हा उतरेल तिथे उजेड पडेल.

रविवारी दुपारी जेवणं उरकून सगळे भावोजींच्या माजघरात. टेबलावर यंत्र, शेजारी ठोकळा, केरू आपली हत्यारं घेऊन आलेला, अक्षया भिंतीला टेकून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. केरूने आधी फीत तपासली. म्हणाला, ‘ताय, आयका. फीत म्हातारी झाली. तिचा खपला निघतो. पाच-सात येळा चालंल, मंग नाय. म्हनून नीट होईस्तोवर पयलाच वायच तुकडा वाजवायचा, बाकीचा धरून ठेवायचा.’ अक्षयाने मान हलवली. पाच-सात वेळा! आणि आमचा संदेश काय करतो, तर ठोकळा उलटापालटा करून बघतो. ‘मामा, दोन्हीकडून सारखाच दिसतोय. लेबल खरवडलंय. कुठलीही बाजू लावा ना!’

आता हे ऐका. हा ठोकळा दोन्ही बाजूंनी चालतो. मोठ्याकडून घातलं तर लहान होऊन निघतं, आणि लहानाकडून घातलं तर मोठं! तेही ऑफिससारखंच की. वरचा हुकूम खाली येताना निम्मा होतो, पण खालची तक्रार वर जाताना? शिपायाने म्हणावं चहा गार होता, आणि साहेबापर्यंत पोचेतो संप होणार असतो! म्हटलं, संदेश, बाजू चुकली तर शंभरच्या यंत्रात चारशे-साडेचारशे जातील. ‘छे हो मामा, इतके कुठून येणार?’

केरू शहाणा. म्हणाला, यंत्र लांब ठेवा, आधी साधा बल्ब लावून बघू. मंद पेटला तर बाजू बरोबर. लावला बल्ब. संदेशने बटण दाबलं.

तुम्हाला सांगतो, मी विश्वरूपदर्शनाचा अध्याय वाचलाय, हजार सूर्य वगैरे. पाहिलं त्या दिवशी! क्षणभर माजघर पांढरं फटक झालं, देवांच्या तसबिरींतले देवसुद्धा दचकले असतील, आणि फट्! काच सगळीकडे, घरातली वीज गेली, खालच्या मुख्य पेटीतला खटका पडला, पंखा थांबला. आणि त्या शांततेत खिडकीतून शेजारणीचा आवाज, ‘भावोजी, लाइट तुमची गेली काय? विचारा ना त्यांना कधी येईल ते, आलेत ना पोफळीवाले!’

पोफळीवाले! म्हणजे आता आडनावच!

बरं, बल्बने प्राण दिला पण टेप वाचला. केरूने काचा झाडल्या, खालचा खटका वर केला, ठोकळ्यातला फ्यूज बदलला, बाजू फिरवली, दुसरा बल्ब लावला. या खेपेला तो अगदी अंग चोरून पेटला, समईएवढा, पिवळसर. केरू म्हणाला, हां, आता हाय. यंत्र जोडलं. आणि अहो, एक्केचाळीस वर्षांनी ते यंत्र गुणगुणलं! चकत्या फिरायला लागल्या. अक्षया पुढे सरकली. भावोजी ओटीवरून उठून आत आले, उंबऱ्यात उभे राहिले. आधी खरखर, मग खोकल्याचा आवाज, आणि मग…

मग एक पुरुष बोलला! जाड, ओढलेला, दारू प्यायल्यासारखा. ‘अऽऽहोऽऽ, चाऽऽलू झाऽऽलं? बोऽऽलू मीऽऽ?’

केरूने झटकन बंद केलं.

भावोजींचा चेहरा… जाऊ दे. ‘ही ती नव्हे,’ म्हणाले. ‘हा तर गोदीतला मुकादम!’ अक्षया माझ्याकडे बघत होती. मामा सांगेल म्हणून. आणि मामाला काय कळतंय? म्हटलं केरू, आता काय? व्होल्ट बरोबर, बाजू बरोबर, मग बाईचा बाप्या कसा झाला?

केरूने कपाळावर हात मारून घेतला. ‘सायकल!’

संदेश लगेच खिडकीतून बाहेर डोकावला. ‘कुणाची? माझी बाइक लावलीय तिथे.’

‘अवो जावई, इजेची सायकल! जहाजावर साठ सायकल. आपल्याकडं पन्नास. ह्यो ट्रान्सफार्मर व्होल्ट उतरवतो, सायकल तीच ठेवतो. मोटार सायकलीवर चालते. साठवर घेतलेला आवाज पन्नासवर चालवला म्हंजे दमानं चालला, दमानं चालला म्हंजे जाड झाला.’

घ्या! म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा पुढे-मागे होते त्याचाही हिशेब असतो, आणि आपली वीज जहाजाच्या विजेपेक्षा हळू! मला काही आश्चर्य वाटलं नाही. हुकमाचा जोर हेडक्लार्क उतरवू शकतो, पण ऑफिसची चाल? ती ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही. पण मला किळस आली ती याची, की आठ किलोचा ठोकळा, लांजा, एसटीतली बेअब्रू, बल्बचा बळी, एवढं सगळं करून बहिणीच्या आवाजात मुकादम!

पण केरू खरा कारागीर. त्याने यंत्राची पाठ उघडली, आत मोटारीच्या टोकाला एक बोटभर पुली, तिच्यावर रबराचा पट्टा. म्हणाला, पुली वायच जाड केली तर चाक भराभर फिरंल. खिशातून काळी चिकटपट्टी काढली, ती वायरींना लावतात ती, आणि पुलीला गुंडाळायला लागला. पाच वेढे झाल्यावर म्हणाला, ‘किती पायजे ते माज्याकडं मापायला नाय. आवाज कुनाला ठावा हाय?’

कुणाला ठाऊक आहे? अक्षयाला नाही. संदेशला नाही. जगात दोनच माणसं उरली होती त्या आवाजाच्या ओळखीची, एक उंबऱ्यात आणि एक मी. तुम्हाला सांगतो, पस्तीस वर्षांत मला कुणी कामाचं काही विचारलं असेल तर ते त्या दिवशी केरूने.

वाजवलं. ‘अऽहोऽ, चाऽलू…’ भावोजी म्हणाले, नाही. मी म्हटलं, नाही, जाड आहे. बंद. दोन वेढे आणखी. परत. या खेपेला एखादा बारीक आवाजाचा भटजी बोलल्यासारखं. नाही. आणखी दोन. आता बाई झाली, पण परकी. भावोजी म्हणाले, हीच. मी म्हटलं, नाही. ‘हीच रे सदू, मला ठाऊक नाही?’ म्हटलं, भावोजी, तुम्ही वर्षातले दहा महिने समुद्रात. मी तिच्या पाठीवरचा भाऊ, तिच्या शिव्या मी खाल्ल्यात, मला विचारा. केरू, एक वेढा अजून.

भांडलो हो आम्ही! दोन म्हातारे, एका चिकटपट्टीवरून! केरू म्हणाला, ‘चार येळा झाली. फितीचा भुगा पडतोय बगा.’ खरंच पडत होता, तपकिरी, तपकिरीसारखाच. अक्षया म्हणाली, ‘मामा म्हणतात तर एक वेढा द्या.’

दहावा वेढा दिला. बटण दाबलं. खरखर, खोकला, आणि…

‘अहो, चालू झालं? बोलू मी?’

मला एवढंच सांगता येईल की मी भिंतीला हात लावला, आणि या खेपेला झिणझिण्या भिंतीच्या नव्हत्या. भावोजी खाली बसले, जागच्या जागी. अक्षया जशीच्या तशी उभी, तोंड किंचित उघडं, आणि तुम्हाला गंमत सांगतो, तो आवाज तिचाच होता हो! हुबेहूब! फोनवर रोज ऐकतो तो. मेलं लक्षातच आलं नव्हतं कुणाच्या. केरूने हाताने खूण केली, चालू दे. चकत्या फिरत राहिल्या. ताई बोलत होती, हसत हसत, नवऱ्याला दटावत.

‘काय बोलू? मला नाही बाई येत. बरं ऐका, हे घरी नेऊन तसंच लावू नका हं, उगीच जाळाल काहीतरी. आधी सद्याला विचारा. सद्याला सगळं ठाऊक असतं. तो पोफळीला आहे ना!’

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

एरवी मी सांगितलं असतं, आस्थापना शाखा, रजेचे अर्ज. तोंडावर आलंसुद्धा होतं. पण सांगणार कुणाला? म्हटलं, ‘होय ताई. चौकशी केली. चालतो. दहा वेढे लागतात.’ आणि चष्मा पुसायला बाहेर आलो, ओटीवर खारा वारा फार येतो.

अक्षयाने ते मोबाईलवर उतरवून घेतलं. फीत दोन दिवसांनी तुटली. भावोजींनी ते पोस्टकार्ड मला परत केलं. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘उत्तर मिळाले.’ जहाजावरची शिस्त.

काल सकाळी कुंपणावरून दर्शनावहिनी, ‘काकाऽऽ, ओ काका, फ्रिज आता कण्हायला लागलाय हो! तुम्ही पोफळीला होतात ना!’

सवयीने म्हणालो, ‘चौकशी करून…’ आणि जीभ चावली. पायांत चपला सरकवल्या. म्हटलं, चला वहिनी, आत्ता बघू.

कळत काही नाही हो मला. पण पोफळीला होतो ना!